झाकण घट्ट, तर धूळ पाण्यात

 

आज आम्ही एका झाकणाबद्दल बोलणार आहोत. कुकरच्या नाही आणि लोणच्याच्या बरणीच्याही नाही. आमच्या गटाकडे दगड घोटायचं यंत्र आहे, त्याच्या डब्याच्या झाकणाबद्दल. तुम्ही म्हणाल, झाकणावर काय एवढं बोलायचं? पण या कामात उतरलेले आणि उतरू पाहणारे गट आम्हाला जे प्रश्न विचारतात, त्यांतले बरेचसे फिरून झाकणापाशीच येतात. डबा गळतो. मोटर भिजते. महिनाभर यंत्र चालवलं तरी दगडाला चमक येत नाही. आणि एक गोष्ट अशी आहे, जी कुणी विचारत नाही, पण विचारायला हवी. ती म्हणजे धूळ. तीही झाकणापाशीच येते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी आधी कामाविषयी थोडं सांगतो. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. रस थिजताना आत बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढं पाण्याबरोबर सिलिका त्या पोकळ्यांत झिरपली आणि थराथरानं साचत गेली. आपण जिला सरसकट गारगोटी म्हणतो, ती अशी तयार झाली. तिच्यात पट्ट्यापट्ट्यांचा अकीक असतो, तांबूस कार्नेलियन असतो, लाल-पिवळा जास्पर असतो. विहीर खणली की मलब्यात निघते, नांगरताना फाळाला लागते, गोदावरीच्या पात्रात तर कुठंही दिसते. आपण ती उचलून बांधावर टाकतो.

पण ही आपल्या भागाची फार जुनी कमाई आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक नोंदीत लिहिलं आहे की पैठणहून ऑनिक्स, म्हणजे पट्ट्यांचा अकीक, मोठ्या प्रमाणात भडोचच्या बंदरात जात असे. पैठणला आणि तेरला उत्खननात असल्या दगडांचे मणी सापडले आहेत. म्हणजे गोदाकाठच्या माणसानं दोन हजार वर्षांपूर्वीही हा दगड हातात घेऊन म्हटलं असणार, घोटला तर विकेल.

आम्ही तेच करतो. शेतमालकाला विचारून विहिरीच्या मलब्यातले, बांधावरचे दगड आणतो. नदीपात्रातून काही उचलायचं तर आधी तलाठ्याकडे चौकशी करावी, हे तुम्हालाही सांगून ठेवतो. दगड धुतो, निवडतो, यंत्रात घोटतो आणि त्यांची पेंडंटं, कानातली, किल्ल्यांच्या साखळ्या करून प्रदर्शनात आणि यात्रेत विकतो.

आता यंत्र. त्याला टम्बलर म्हणतात. जाड रबराचा एक गोल डबा, दोन रुळांवर आडवा ठेवलेला. मोटर पट्ट्यानं रूळ फिरवते, रुळांवर डबा फिरतो. डब्यात दगड, घासपूड आणि पाणी. डबा सावकाश फिरतो तेव्हा दगड वर चढतात आणि एकमेकांवरून घसरत खाली येतात. मधली पूड त्यांना घासत राहते. नदी जे काम शेकडो वर्षांत करते, ते डबा महिन्याभरात करतो.

घासपूड म्हणजे सिलिकॉन कार्बाइडची पूड. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडम पावडर म्हटलं की कळतं. आधी जाड, ६०-९० नंबरची. मग १२०-२२०. मग ५००. शेवटी पॉलिशची पूड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सेरियम ऑक्साइड. प्रत्येक पायरीला साधारण आठवडा, पहिलीला कधी जास्तही. यंत्र रात्रंदिवस चालतं. ४० वॅटची मोटर असेल तर दिवसाला जवळपास एक युनिट वीज जाते, म्हणजे चार आठवड्यांचे सत्तावीस युनिट. ते, पुडीचा खर्च आणि आपला महिना, एवढं सगळं त्या एका झाकणाच्या भरवशावर आत बंद असतं.

यंत्र नव्हतं तेव्हा हे काम कसं व्हायचं, ते ऐका. गुजरातेत खंबातला अकीकाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तिथं मणी आणि घासायची पूड चामड्याच्या पिशवीत भरत, पिशवीचं तोंड आवळून बांधत, आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेली दोन माणसं ती पिशवी इकडून तिकडं लोळवत राहत. दहा-पंधरा दिवस. अधूनमधून पाणी घालून आतला माल ओला ठेवत. म्हणजे तोंड घट्ट आणि आत ओल, ही अट तेव्हाही होती. आजचं झाकण म्हणजे त्या पिशवीचं बांधलेलं तोंडच.

मैत्रिणींनो, आता मुद्द्यावर येतो. झाकण कशासाठी असतं? दगड बाहेर पडू नयेत म्हणून, असं वाटतं. पण दगड काय, फडकं बांधलं तरी आत राहतील. झाकण असतं पाणी आत ठेवण्यासाठी. आणि पाणी कशासाठी? तर झिजलेल्या दगडाची पूड पाण्यात धरून ठेवण्यासाठी. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. चार आठवड्यांत दगडांचं जे वजन कमी होतं, ते कुठं जात नाही. ते पिठाहून बारीक होऊन त्या गाळात असतं. ओलं आहे तोवर ते चिखल आहे. वाळलं की ती धूळ आहे. आणि ही धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात गेली की परत येत नाही.

तिच्यामुळं होणाऱ्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुस आतून घट्ट होत जातं, दम लागतो, आणि हा आजार बरा करणारं औषध नाही. सिलिकोसिस झालेल्याला टीबी व्हायचा धोकाही जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये ही स्फटिकी सिलिकेची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली. खंबातच्या अकीक कारागिरांवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं अभ्यास केले आहेत. तिथं दगड कोरडाच चाकावर घासतात, आणि तेही घराघरांत. म्हणून धूळ फक्त घासणाऱ्याला लागत नाही, घरातल्या इतरांनाही लागते.

आमचं काम ओलं आहे, म्हणून त्या मानानं सुरक्षित आहे. पण ते सुरक्षित आहे ते झाकणामुळं, हे आम्ही गटात प्रत्येकीला पहिल्या दिवशीच सांगतो. झाकण थेंबथेंब गळत असेल तर काय होतं? थेंब जमिनीवर पडतो, वाळतो, पांढरट डाग राहतो. सकाळी कुणीतरी केरसुणी फिरवते. झाली धूळ. त्याच खोलीत कुणाचं तान्हं झोळीत असतं, कुणाची सासू बाजेवर असते. तिकडं डब्यातलं पाणी कमी झालेलं असतं, गाळ घट्ट झालेला असतो. दगड घसरायचे थांबतात. महिना वाया, पूड वाया. आणि थेंब मोटरवर गेला तर शॉकची भीती वेगळीच. एका गळक्या झाकणानं पैसा, जीव आणि श्वास, तिन्ही ठिकाणी भोक पडतं.

आता झाकण झिजतं कसं ते पाहू. कारण कळलं की निम्मं काम होतं.

पहिलं कारण म्हणजे पुडीचा कण. डबा भरताना काठावर पूड सांडते. तसंच झाकण लावलं की कण रबरात दबतो. डबा फिरताना रबर किंचित हलत असतं. कण तिथल्या तिथं घासत राहतो आणि काठावर बारीक चर पडते. त्या चरीतून पाणी वाट काढतं, पाण्याबरोबर आणखी पूड येते, चर खोल होते. एकदा वाट सापडली की गळती आपणहून वाढते.

दुसरं, नट जास्त आवळणं. गळतंय म्हटलं की आपला हात पान्ह्याकडं जातो. पण रबराचं काम थोडं दबून जागा भरायचं. ते पार चेपलं की बसकं होतं, पुन्हा फुगत नाही. मग पुढच्या वेळी आणखी आवळावं लागतं. हातानं आवळून वर पाव फेरा, इतकं पुरे.

तिसरं, दगडांचा मार. डबा कमी भरला तर दगड घसरत नाहीत, उंचावरून पडतात आणि झाकणाच्या आतल्या अंगावर आदळतात. झाकण मधून पातळ होतं, बोल्टाचं भोक मोठं होतं. डबा दोन तृतीयांश भरावा. पाणी वरच्या दगडांच्या जरा खाली राहील इतकंच.

चौथं, आतला वायू. काही दगडांच्या वेळी डब्यात वायू साठतो, झाकण फुगतं. फुगलेलं झाकण काठ सोडतं. म्हणून नवा माल लावला की पहिले काही दिवस रोज एकदा यंत्र बंद करून नट सैल करायचा, वायू जाऊ द्यायचा, काठ पुसून परत लावायचं.

आणि पाचवं, ऊन आणि तेल. झाकण धुऊन उन्हात वाळत टाकलं की रबर तडकतं. रॉकेल, डिझेल, ग्रीस, व्हॅसलीन, खोबरेल लावलं की फुगून मऊ होतं. घट्ट बसावं म्हणून तेलाचं बोट फिरवायची आपल्याला सवय असते. इथं ते नको. तेलाला पूडही चिकटते.

आता गळती शोधायची कशी? ही परीक्षा आम्ही प्रत्येक नव्या घाण्याच्या आधी करतो. हो, आमच्या बोलण्यात एका वेळच्या मालाला घाणाच म्हणतात, भज्यांच्या घाण्यासारखा! रिकामा डबा स्वच्छ धुवायचा. साधं पाणी भरायचं. झाकण लावायचं आणि डबा बाहेरून कोरडा पुसायचा. मग वर्तमानपत्राच्या कागदावर आडवा करून रात्रभर ठेवायचा. दर दोन-तीन तासांनी, जमेल तसा, थोडा वळवायचा, म्हणजे पाणी सगळ्या काठाला लागतं. सकाळी कागद कोरडा असेल तर झाकण पास. ओला असेल तर जिथून ओल आली तिथं डब्यावर आणि झाकणावर खडूनं खूण करायची.

पण दोष झाकणात आहे की डब्याच्या काठात? हे ओळखायची सोपी युक्ती आहे. झाकण काढायचं, अर्धा फेरा फिरवून उलट बाजूला लावायचं आणि परीक्षा परत घ्यायची. गळती झाकणाच्या खुणेबरोबर सरकली, तर दोष झाकणात. गळती डब्याच्या खुणेपाशीच राहिली, तर दोष डब्याच्या काठात. ही खूण न करता झाकण बदललं, तर नवं झाकणही गळतं, आणि मग बिचाऱ्या दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली जातात.

आता दुरुस्ती. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

झीज हलकी असेल, म्हणजे नखाला जेमतेम चर लागत असेल, तर एक जाड काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा घ्या. त्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, पाण्यानं ओला करा, आणि झाकणाचा काठ त्यावर गोल गोल फिरवा. दाब सगळीकडं सारखा. चर दिसेनाशी झाली की थांबा. कोरडं घासू नका. त्या रबरातही पूड रुतलेली असते, ती उडते.

चर खोल असेल तर वर गॅस्केट घाला. ट्रॅक्टरची किंवा ट्रकची जुनी ट्यूब टायरच्या दुकानात सहज मिळते. ती चिरून सपाट करा, साबणानं धुवा. त्यावर झाकण ठेवून पेनानं गोल आखा. काठाच्या रुंदीएवढी आतून दुसरी रेघ. दोन्ही रेघांवर धारदार कात्रीनं कापा. एक अखंड कडं मिळालं पाहिजे. पट्टी कापून टोकाला टोक जोडू नका, सांध्यातून हमखास गळतं. आणि दोन कडी एकावर एक घालू नका. दोन रबरांच्या मध्ये पाणी शिरतं आणि वरचं कडं सरकतं.

आमच्या गटातल्या एका मावशींनी विचारलं होतं, कुकरची जुनी रिंग चालेल का? आकार जुळला तर चालते. पण एकदा यंत्राला लावलेली रिंग, गाळणी, वाटी, चमचा, काहीही परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. आम्ही अशा प्रत्येक वस्तूवर लाल रंगाचा पट्टा मारतो. लहान मुलांनाही कळतं, लाल पट्ट्याला हात लावायचा नाही.

झाकण मधून पातळ झालं असेल तर त्याला अस्तर लावा. ब्लाऊजला लावतो तसंच. त्याच ट्यूबमधून झाकणाच्या आतल्या अंगाएवढी चकती कापा. काठ मात्र मोकळा सोडा. झाकण रबराचं असेल तर चकती चिकटवता येते. दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं ओल्यानं खरवडा, धुवा, पूर्ण वाळू द्या. सायकलवाल्याकडं पंक्चरचं सोल्युशन मिळतं, त्याचा पातळ हात दोन्हीकडं द्या. लगेच चिकटवू नका. बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच दाबून बसवा, वरून लाकडानं हलके ठोका आणि एक दिवस तसंच राहू द्या. सोल्युशनचा वास उग्र असतो, तेव्हा हे काम ओट्यावर, मोकळ्या हवेत, चुलीपासून लांब. झाकण प्लास्टिकचं असेल तर सोल्युशन नीट धरत नाही. तिथं चकतीच्या मध्यभागी भोक पाडून ती बोल्टातच अडकवा. अस्तर झिजलं की अस्तर बदलायचं, झाकण तसंच राहतं. ट्यूबचा तुकडा स्वस्त, झाकण महाग.

बोल्टाचं भोक मोठं झालं असेल तर आतून-बाहेरून रुंद स्टीलचे वायसर लावा आणि आतल्या वायसरखाली रबराचा वायसर घाला. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घ्या. साधा लोखंडी गंजतो, गंजाचे कण आत पडतात आणि पेच बसत नाहीत. इथं वायसरभोवती थोडं सिलिकॉन सीलंट चालतं, कारण हा भाग रोज उघडायचा नसतो. पण काठाला सीलंट लावू नका. दर वेळी उघडताना ते फाटतं आणि त्याचे तुकडे दगडांत मिसळतात. कडक होणारी पुट्टीही रबरावर टिकत नाही. रबर लवतं, पुट्टी लवत नाही, म्हणून तडकते.

दोष डब्याच्या काठात असेल तर? रबराच्या डब्याचा काठही असाच ओल्या पॉलिश पेपरनं सारखा करता येतो. लोखंडी डबा असेल, आत रबराचं अस्तर असलेला, तर काठावरचा गंज ओल्या पेपरनं काढा, वाळवा, गंजरोधक रंगाचा हात द्या आणि मग नवं गॅस्केट. काठ ठोका बसून वाकला असेल तर ते काम वेल्डिंगवाल्या दादांचं. घरी हातोडी मारत बसू नका, एका जागी सरळ करायला गेलं की दुसऱ्या जागी वाकतं.

आणि हेही सांगतो, काही झाकणं दुरुस्त करायची नसतात. वाकवल्यावर रबराला भेगा दिसल्या, अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, किंवा कडं लावूनही रात्रभराच्या परीक्षेत कागद ओला झाला, तर ते झाकण रजेवर नाही, निवृत्त झालं.

आता पॉलिशबद्दल. बऱ्याच गटांची तक्रार असते की सगळं नियमानं केलं, तरी चमक येत नाही. झिजलेल्या झाकणाच्या चरींत आणि भेगांत पहिल्या पायरीची जाड पूड लपून बसते. कितीही धुतलं तरी चार कण राहतात. पॉलिशच्या आठवड्यात ते सुटतात आणि दगडावर ओरखडे उठवतात. म्हणून आमच्याकडं झाकणांना मान आहे, वयाप्रमाणे. नवं झाकण पॉलिशसाठी. थोडं वापरलेलं मधल्या पायऱ्यांसाठी. अस्तर-गॅस्केट घातलेलं जुनं झाकण पहिल्या जाड पुडीसाठी. लुगडं आधी सणाला, मग रोजच्याला, मग गोधडीला, तसं. फक्त गोधडीचं लुगडं परत सणाला नेसत नाहीत, हे लक्षात ठेवायचं. झाकणावर तेलरंगानं १, २, ३ असे आकडे घालून ठेवा, म्हणजे घाईत गोंधळ होत नाही.

रोजची राखण काही कठीण नाही. डबा भरताना काठावर प्लास्टिकचं नरसाळं किंवा कापलेली बाटली ठेवा, म्हणजे पूड काठावर पडतच नाही. झाकण लावण्याआधी काठ आणि झाकण ओल्या फडक्यानं पुसा, चरीत जुना टूथब्रश फिरवा. डोळ्यावर विश्वास नको, बोट फिरवा. बोटाला खरखर लागली तर परत पुसा. घाणा उतरवला की झाकण धुऊन सावलीत, उलटं नाही, सपाट ठेवा. डब्यावर आवळून ठेवू नका. काम नसताना रबरालाही मोकळं बसू द्यावं.

यंत्र परातीत ठेवा, मोटर परातीच्या वर, फळीवर. सांडलंच तर परातीत सांडेल. उघडण्याआधी बटण नव्हे, पिन काढायची, आणि हात कोरडे. ज्या खोलीत यंत्र आहे तिथं अर्थिंग आहे का, हे एकदा वायरमनकडून तपासून घ्या. वीज बराच वेळ गेली असेल तर गाळ तळाला बसतो. वीज आल्यावर आधी डबा हातानं दोन-चार वेळा उलटसुलट करा, मग यंत्र लावा.

आणि गाळ. डब्यातला गाळ मोरीत ओतू नका. नळीत तो सिमेंटसारखा बसतो. बादलीत ओता, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढून पुढच्या घाण्याचे दगड धुवायला वापरा. खालचा गाळ ओला असतानाच खड्ड्यात टाकून वर माती ओढा. जमिनीवर डाग वाळलेला दिसला तर झाडू लावायचा नाही. पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं बादलीतच पिळायचं. पदर नाकाला लावून ही धूळ अडत नाही, ती कापडातून सहज जाते. सुकलेला गाळ हाताळायची वेळच आली तर एन-९५ मास्क लावा. पण खरा मास्क म्हणजे पाणी.

शेवटी हिशेब. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की खजिनदार ताईंचं म्हणणं असतं, चालतंय तोवर चालवू, नव्या झाकणाला पैसे का घालायचे? त्यांचं चुकत नाही. गटाचा एक-एक रुपया त्यांना सांभाळायचा असतो. म्हणून आम्ही झाकणाला खर्चात नाही, मालात धरायचं ठरवलं. पूड जशी संपते, तसं झाकणही संपतं. फक्त ते सावकाश संपतं, म्हणून दिसत नाही. आता प्रत्येक घाण्याची किंमत काढताना दगड, पूड, वीज, मजुरी यांच्याबरोबर झाकणाची झीज म्हणून थोडी रक्कम आम्ही बाजूला टाकतो. तिचं वहीत वेगळं पान आहे. झाकण निवृत्त होतं तेव्हा नव्याचे पैसे तिथं जमलेले असतात. कुणाला हात पसरावा लागत नाही आणि वादही होत नाही.

त्याच वहीत दुसरं पान आहे, झाकणाच्या हजेरीचं. झाकणाचा नंबर, परीक्षेची तारीख, कागद कोरडा की ओला, काय दुरुस्ती केली, आणि पाहणारीची सही. बैठकीत हजेरी, बचत, परतफेड झाली की हे पान वाचलं जातं. ज्यांच्या घरी यंत्र ठेवलेलं आहे, त्यांना एक अधिकार सगळ्यांनी मिळून दिला आहे. झाकण गळताना दिसलं तर अध्यक्षांना न विचारता, ऑर्डर कितीही घाईची असो, यंत्र बंद करायचं. कारण ऑर्डर गटाची असते, पण श्वास त्या घराचा असतो.

मैत्रिणींनो, घोटलेला अकीक हातात घेतला की गिऱ्हाईक म्हणतं, किती सुंदर! त्या सुंदरपणासाठी दगडाचा जो भाग झिजला, तो कुठं गेला, हे गिऱ्हाईक विचारणार नाही. ते आपणच विचारायचं असतं. तो पाण्यात राहिला आणि मातीत गेला, असं उत्तर प्रत्येक घाण्याला देता आलं, तर आपला धंदा खरोखर आपला.

तुमच्या गटाकडं असं यंत्र असेल तर आज रात्री एवढंच करा. डब्यात साधं पाणी भरा, झाकण लावा, आणि वर्तमानपत्रावर आडवा करून ठेवा. उद्या सकाळी चहाच्या आधी कागद बघा.